कष्टाळू शेतकरी आणि कुटुंबवत्सल माणूस : कॅनडाच्या प्रेअरीवरचे एक आयुष्य

दूरदेशी | १२ नोव्हेंबर २०२३

गेल्या महिन्याच्या अखेरीस, सुगी आटोपून आठ दिवस झाले असताना, माझ्या परिचयाचे एक शेतकरी वयाच्या ९१ व्या वर्षी वारले. मी कॅनडाच्या प्रेअरीवर, म्हणजे विस्तीर्ण गवताळ मैदानी भागात, सास्काचेवान प्रांतातल्या सास्काटून शहरात राहतो आणि माती परीक्षणाच्या कामानिमित्त गेली ११ वर्षे आसपासच्या शेतांवर फिरतो. या आजोबांचे शेत रोझटाउनच्या बाजूला आहे. पहिल्या वर्षी बर्फ वितळत असताना माझी गाडी त्यांच्या शेतापाशी चिखलात रुतली होती. ती माती आपल्याकडच्या काळ्या मातीसारखीच, ओली झाली की चाकाला सोडत नाही. त्यांनी ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली आणि मला घरी जेवायला नेले. तेव्हापासून नमुने घेण्याचे काम असो वा नसो, वर्षातून चार-पाच वेळा तरी त्या घरी माझे जाणे होत असे.

त्यांचे आजोबा १९०६ साली इथे आले. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याप्रमाणे १० डॉलर शुल्क भरले की १६० एकरांचा तुकडा, ज्याला इथे क्वार्टर म्हणतात, मिळत असे. तीन वर्षांत तिथे घर बांधून राहायचे आणि ठरावीक जमीन वहितीखाली आणायची, म्हणजे तो तुकडा मालकीचा होई. त्या आजोबांचे पहिले घर गवताळ मातीचे ढेकूळ विटांसारखे एकावर एक रचून केलेले होते. १९३२ साली जन्मलेल्या या नातवाने वयाच्या १५ व्या वर्षी शाळा सोडली आणि ८५ व्या वर्षापर्यंत दर मे महिन्यात पेरणी केली. हिवाळ्यात पारा उणे ४० पर्यंत उतरला तरी रात्री दोनदा उठून गोठ्यात विणाऱ्या गाई पाहून यायचे, हा त्यांचा ५० वर्षांचा शिरस्ता होता.

वृत्तपत्रातल्या त्यांच्या मृत्युलेखात ‘कष्टाळू शेतकरी आणि कुटुंबवत्सल माणूस’ असे शब्द होते. इथल्या शेतकऱ्यांच्या मृत्युलेखांत हे शब्द मी कितीतरी वेळा वाचले आहेत आणि दर वेळी दोन प्रश्न पडतात. पेरणी आणि सुगीचे मिळून चार महिने जो माणूस दिवसाचे सोळा तास शेतात असतो, त्याचे कुटुंबाशी नाते नेमके कसे असते? आणि दुसरा प्रश्न असा, की कष्ट तर सगळ्यांनीच केले. मग १९३६ साली या प्रांतात १ लाख ४२ हजार शेते होती, ती २०२१ च्या गणनेत ३४ हजारांवर का आली? जे टिकले ते केवळ अंगमेहनतीवर टिकले, असे तुम्हाला वाटते का?

मुक्काम_रजायना | १२ नोव्हेंबर २०२३

दूरदेशी, त्यांच्या जन्माचे साल पाहूनच थांबलो. १९३२ च्या डिसेंबरात गव्हाचा भाव बुशेलला ४० सेंटच्या खाली गेला होता. बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो. तीन वर्षांपूर्वी हाच भाव दीड डॉलरच्या आसपास होता. भाव पडले त्याच सुमारास पाऊसही गेला आणि वाऱ्याने वरची माती उडू लागली. १९३७ साली सास्काचेवानात गव्हाचा सरासरी उतारा एकरी तीन बुशेलसुद्धा नव्हता. त्या वर्षी ५ जुलैला यलो ग्रास आणि मिडेल या गावांत ४५ अंश तापमान नोंदले गेले आणि कॅनडातला तो उच्चांक २०२१ पर्यंत अबाधित राहिला. जनावरांना घालायला चारा नव्हता म्हणून लोकांनी रशियन थिसल नावाचे काटेरी तण कोवळे असताना कापून वाळवले. पेट्रोलला पैसे नव्हते म्हणून मोटारीचे इंजिन काढून तिला घोडे जुंपले, आणि पंतप्रधान बेनेट यांच्या नावावरून त्या गाडीला ‘बेनेट बग्गी’ म्हणू लागले. पूर्व किनाऱ्यावरून मदत म्हणून खारवलेला कॉड मासा आला, तर समुद्रापासून हजारो किलोमीटर दूर वाढलेल्या या लोकांना त्याचे करायचे काय हेच कळेना.

ज्याचे बालपण अशा घरात गेले, त्याला सोळा तास काम हे कष्ट वाटत नसावेत. काम आहे याचाच त्याला आधार वाटत असावा.

इथले वृद्ध शेतकरी आपल्या भूमीला ‘पुढच्या वर्षाचा देश’ म्हणतात. यंदा गारपीट झाली, पुढच्या वर्षी पीक येईल. यंदा तांबेरा पडला, पुढच्या वर्षी पाहू. आणि जमीन किती सपाट आहे हे सांगताना हेच लोक हसत हसत म्हणतात की कुत्रा घर सोडून पळाला तरी तो तीन दिवस दिसत राहतो.

काळी_माती | १३ नोव्हेंबर २०२३

मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलो आणि पुढे काही वर्षे सास्काचेवानशेजारच्या मॅनिटोबा प्रांतात गव्हावर काम केले. मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. निव्वळ मेहनतीवर इथे कोणी टिकू शकले नसते.

१८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर यांच्या मोहिमेने या भूमीची पाहणी केली आणि दक्षिणेकडचा एक मोठा त्रिकोणी पट्टा शेतीला कोरडा आहे असे नोंदवले. पुढे १८८५ साली रेल्वेमार्ग पूर्ण झाला, वसाहत हवी होती म्हणून तो इशारा बाजूला पडला आणि त्याच पट्ट्यात हजारो कुटुंबे वसवली गेली. त्यांनी जी पद्धत उचलली, तीत दरवर्षी मोठी जमीन पडीक ठेवून ओल साठवायची आणि तण मारण्यासाठी ती पुन्हा पुन्हा कुळवायची, असे होते. जो जास्त कुळवेल तो उद्यमी, असे शेजारी मानत. दुर्दैव असे, की बारीक झालेली ती उघडी माती १९३० च्या दशकात वाऱ्यासोबत गेली. म्हणजे कष्टाळू माणसाच्या कष्टानेच त्याचे शेत उडाले. हे वाक्य लिहितानाही मला वाईट वाटते, कारण चूक त्याची नव्हती. त्याला तेच शिकवले गेले होते.

मग उपायही माणसांनी मिळून शोधले. अल्बर्टा प्रांतातले शेतकरी चार्ल्स नोबल यांनी असे पाते तयार केले, जे जमिनीखालून तणाची मुळे कापते आणि धसकटे वर तशीच ठेवते. १९३५ साली केंद्र सरकारने प्रेअरी फार्म रिहॅबिलिटेशन कायदा केला. इंडियन हेड येथील सरकारी रोपवाटिकेने १९०१ पासून शतकाहून अधिक काळ शेतकऱ्यांना वाऱ्याच्या आडोशासाठी रोपे दिली. आज प्रेअरीवर दूर एखादा झाडांचा चौकोन दिसला, तर तिथे घर आहे किंवा कधीकाळी होते, असे खुशाल समजावे. अलीकडे बहुतेक शेतकरी नांगरट करतच नाहीत. धसकटांतच थेट पेरणी करतात.

आणखी एक गोष्ट आपल्या जवळची आहे. ज्या गव्हाने प्रेअरी वसवली, त्या मार्क्विस वाणाचे एक पालक ‘रेड फाइफ’ आणि दुसरे ‘हार्ड रेड कलकत्ता’, म्हणजे भारतातून गेलेला लाल कठीण गहू. चार्ल्स सॉन्डर्स यांनी ऑटावात दाणे स्वतः चावून त्यातल्या चिकाची परीक्षा करत हा वाण निवडला आणि १९०९ पासून तो शेतकऱ्यांच्या हाती गेला. रेड फाइफपेक्षा तो आठवडाभर तरी आधी पिकत असे. जिथे हिमतुषार पडत नाही असे दिवस जेमतेम शंभर असतात, तिथे हा आठवडा म्हणजे पीक हाती येणे किंवा गोठून जाणे यांतला फरक होता.

गारवा | १३ नोव्हेंबर २०२३

काळी_माती, आपल्या गव्हाचे रक्त त्या गव्हात आहे हे आज प्रथमच कळले. मनापासून आभार.

तिफण | १४ नोव्हेंबर २०२३

मी लातूर जिल्ह्यात शेती करतो. धागा आदराने वाचला, त्या आजोबांबद्दल आदरच आहे, पण माझ्या मनातली एक गोष्ट स्पष्ट लिहितो.

त्या भागात आता गव्हाबरोबर मसूर आणि पिवळा वाटाणा मोठ्या प्रमाणावर होतो आणि तो भारतात येतो. आमच्या लातूरच्या डाळ गिरण्यांतही परदेशी माल मी पाहिला आहे. २०१६-१७ च्या हंगामात तुरीचे पीक उदंड आले. बोनससह हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता, आणि मी खरेदी केंद्रापुढच्या रांगेत ट्रॉलीखाली सहा रात्री झोपलो. शेवटी माल व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली दिला. त्या वर्षी बाहेरून डाळ येतच होती. आमचे कष्ट कमी होते का? आमच्या राज्यात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. तिकडचे सरासरी शेत १,७०० एकरांच्या वर. या दोघांना एकाच बाजारात उभे करून ‘कष्टाळू’ हा एकच शब्द लावला जातो, तेव्हा मला तो अपुरा वाटतो.

दूरदेशी | १४ नोव्हेंबर २०२३

तिफण, तुम्ही लिहिले ते योग्यच लिहिले. याच गोष्टीची दुसरी बाजू मी त्या घरातल्या स्वयंपाकघरात पाहिली, ती सांगतो. सास्काटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी १९७० च्या दशकात मसुरावर काम सुरू केले आणि १९७८ साली ‘लेअर्ड’ हा वाण दिला, तेव्हा या शेतकऱ्यांनी मसूर कधी खाल्लाही नव्हता. पडीक ठेवायच्या जमिनीत पीक निघते आणि जमिनीला नत्रही मिळते म्हणून ते त्याकडे वळले. मसुराचे झाड बुटके, शेंगा जमिनीलगत. म्हणून पेरणीनंतर जड रूळ फिरवून दगड-ढेकळे दाबून घ्यावी लागतात, नाहीतर कंबाइन या कापणी-मळणी यंत्राचे पाते तुटते. आजोबा सांगत, की पहिल्या वर्षी त्यांनी गुडघ्यांवर बसून शेंगा किती उंचीवर लागल्या ते पट्टीने मोजले होते.

२०१७ च्या नोव्हेंबरात भारताने वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरात मसुरावर ३० टक्के आयात शुल्क लावले. त्या नाताळात मी त्यांच्या घरी होतो. बिनमध्ये, म्हणजे धान्य साठवायच्या मोठ्या कोठीत, मसूर भरलेला होता आणि भाव उतरले होते. त्यांनी मला विचारले, “तुमच्याकडच्या शेतकऱ्याला यामुळे बरा भाव मिळेल ना?” मी तुरीची हकिगत सांगितली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग ठीक आहे. त्याच्याकडे बिन नाही, माझ्याकडे आहे. मी थांबू शकतो.”

तिफण | १४ नोव्हेंबर २०२३

हे वाचून बरे वाटले. थांबता येणे, हाच तो फरक आहे. आमच्याकडे माल घरात ठेवायला जागा नसते आणि उधारी फेडायची तारीख ठरलेली असते.

वाचस्पती | १५ नोव्हेंबर २०२३

धाग्यात एक बाजू अजून आलेली नाही. ‘दहा डॉलरांत १६० एकर’ हे वाक्य लिहिताना ती जमीन कोणाची होती, हेही लिहायला हवे. सास्काटून शहर सहाव्या तहाच्या भूमीवर आहे. १८७६ साली फोर्ट कार्लटन आणि फोर्ट पिट येथे क्री आणि इतर मूळ निवासी समाजांनी ब्रिटिश राजसत्तेशी हा तह केला. तोपर्यंत बायसन या रानगव्यांसारख्या जनावरांचे कळप संपत आले होते, आणि तहात शेतीसाठी अवजारे, बियाणे व जनावरे देण्याचे वचन होते.

राखीव भूमीवरच्या अनेक कुटुंबांनी शेती मनापासून सुरू केली. काहींचे पीक गोऱ्या वसाहतवाल्यांच्या तोडीचे येऊ लागले. मग १८८९ पासून हेटर रीड या अधिकाऱ्याच्या काळात असे धोरण आले, की मूळ निवासी शेतकऱ्याने एक-दोन एकर गहू, थोडी कंदमुळे आणि एखादी गाय एवढ्यावर भागवावे आणि यंत्रांऐवजी हाताची अवजारे वापरावीत. शेजारी वसाहतवाले बाइंडर यंत्राने कापणी करत असताना यांना विळ्याने कापायला लावले गेले. धान्य विकायचे तर सरकारी अधिकाऱ्याचा परवाना लागे, राखीव भूमीबाहेर जायचे तर पास लागे. त्या शेतकऱ्यांनीही कष्टच केले होते. त्यांच्या कष्टाला फळ धरू दिले गेले नाही. मूळ प्रश्न ‘कोण टिकले’ असा असेल, तर कोणाला टिकू दिले नाही हे त्याच उत्तरात आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मुक्काम_रजायना | १५ नोव्हेंबर २०२३

वाचस्पती, पूर्ण सहमत आहे. माझ्या मुलांना शाळेत आता तहांविषयी शिकवतात, आणि घरी येऊन तीच मला विचारतात की आपले घर कोणत्या तहाच्या भूमीवर आहे.

काळी_माती यांच्या मुद्द्याला एक जोड देतो. प्रेअरीवरच्या शेतकऱ्याने सगळ्यात मोठे काम शेतात केले नाही, ते गावच्या सभागृहात केले. १९२० च्या दशकात एलिव्हेटरवर, म्हणजे गावातल्या धान्य खरेदीच्या कोठारावर, व्यापारी दर्जा ठरवी, वजन करी आणि भावही तोच सांगे. म्हणून १९२४ साली सास्काचेवानच्या शेतकऱ्यांनी आपला गहू एकत्र विकण्यासाठी ‘व्हीट पूल’ काढला. घोडागाडीतून शेतोशेती जाऊन सभासदांच्या सह्या गोळा केल्या. पुढे १९३५ साली सरकारी व्हीट बोर्ड आले आणि १९४३ पासून गहू त्यालाच विकणे बंधनकारक झाले. धान्य घालताना पहिली उचल, आणि वर्षाचा हिशेब झाला की उरलेला हिस्सा. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. दवाखान्याचेही तसेच. स्विफ्ट करंट भागात १९४६ साली सर्वांसाठी सार्वजनिक आरोग्यव्यवस्था उभी राहिली, आणि १९६२ साली संपूर्ण प्रांताला ती लागू झाली, तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. एका आजारपणात क्वार्टर विकावे लागू नये, ही त्यामागची शेतकऱ्याची साधी अपेक्षा होती.

उत्तररात्र | १६ नोव्हेंबर २०२३

मी विनिपेगमध्ये कृषी कर्जाच्या कामात २२ वर्षे होतो. वरचे वर्णन खरे आहे, पण सगळ्याच शेतकऱ्यांना बोर्ड हवे होते असे समजू नये. आपला गहू सीमेपलीकडे अमेरिकेत जास्त भावाने विकता येतो, मग सक्ती कशासाठी, असे म्हणणारे अनेक होते. काहींनी ट्रक भरून गहू सीमेपार नेला आणि त्यासाठी तुरुंगवासही पत्करला. १ ऑगस्ट २०१२ रोजी सक्ती संपली, तेव्हा एकाच कुटुंबात वडील दुःखी आणि मुलगा आनंदी, असे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. दोघांकडेही आपापली कारणे होती.

मला सांगायचे आहे ते वेगळेच. १९८१ साली व्याजदर २० टक्क्यांच्या वर गेले. ७० च्या दशकात गव्हाला भाव होता तेव्हा ज्यांनी कर्ज काढून जमीन घेतली, ते त्यानंतरच्या दहा वर्षांत बुडाले. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या फायली माझ्या टेबलावर आल्या. त्यांत आळशी माणूस मला एकही आढळला नाही. शेजारच्या दोन शेतांत फरक एवढाच असे, की एकाने १९७९ मध्ये जमीन घेतली आणि दुसऱ्याने घेतली नाही. ज्याने घेतली तो बहुतेक वेळा मुलासाठी घेत असे. कुटुंबवत्सलपणाची किंमत अशीही मोजली गेली आहे.

हे लोक तोंडाने काही सांगत नाहीत. एक गृहस्थ माझ्यासमोर दोन तास बसून फक्त पावसाविषयी बोलले आणि निघताना दारात म्हणाले, “बायकोला अजून ठाऊक नाही.” सास्काचेवानात १९९२ पासून शेतकऱ्यांसाठी ताणतणावाची स्वतंत्र दूरध्वनी सेवा चालते. ती किती घरांत वेळेवर पोहोचली असेल, याचा विचार मी अजूनही करतो.

तिफण | १६ नोव्हेंबर २०२३

“बायकोला अजून ठाऊक नाही.” हे वाक्य आमच्या गावातही मी ऐकले आहे. त्यातला एक माणूस आता नाही.

सोनचाफा | १७ नोव्हेंबर २०२३

उत्तररात्र, तिफण, तुम्ही दोघांनी जे लिहिले त्यानंतर लिहायला हात उचलत नव्हता. तरीही लिहिते, कारण इतक्या प्रतिसादांत त्या बायकोचे स्वतःचे म्हणणे कोठेच आलेले नाही.

मी कॅलगरीत राहते आणि माझे सासर अल्बर्टातल्या एका शेतकरी कुटुंबात आहे. दहा डॉलरांत १६० एकर देणारा तो कायदा स्त्रीला जमीन देत नव्हता. ती विधवा किंवा अन्य प्रकारे कुटुंबप्रमुख असेल तरच तिला अर्ज करता येई. खेड्यांत वीज पोहोचली ती बहुतांशी १९५० च्या दशकात. तोपर्यंत बर्फ वितळवून पाणी करणे, पत्र्याच्या टबात कपडे धुणे, सुगीत वीस-वीस मळणीवाल्यांना दिवसातून पाच वेळा खायला घालणे हे सगळे तिनेच केले. कोंबड्या, अंडी, लोणी यांच्या पैशावर तिने किराणा चालवला, म्हणून गव्हाचे पैसे जमिनीत जाऊ शकले.

आणि कायद्याने त्याला काय म्हटले? अल्बर्टातल्या आयरीन मर्डॉक यांनी २५ वर्षे नवऱ्याच्या रँचवर, म्हणजे जनावरे पाळण्याच्या मोठ्या शेतावर, काम केले होते. गवत कापणे, जनावरांना डाग देणे, ट्रॅक्टर चालवणे, नवरा महिनोन्‌महिने बाहेर असताना सगळे एकटीने सांभाळणे. विभक्त झाल्यावर त्यांनी रँचमध्ये हिस्सा मागितला. १९७३ च्या ऑक्टोबरात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण खालच्या न्यायालयाच्या मते हे कोणतीही रँचवरची पत्नी करतेच असे नेहमीचे काम होते. न्यायमूर्ती बोरा लास्किन यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. त्या निकालाने देशभर स्त्रिया संतापल्या आणि पुढच्या काही वर्षांत प्रांतोप्रांतीचे मालमत्तेचे कायदे बदलले. आपल्याकडे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावा असे सांगितले, त्याची मला इथे तीव्रतेने आठवण होते.

म्हणून दूरदेशी, माझी एक विनंती आहे. तुमचा पहिला प्रश्न इथे आम्हाला विचारण्याऐवजी त्या आजींना विचारता येईल का?

नर्मदा | १७ नोव्हेंबर २०२३

सोनचाफा, तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत आहे. माझ्या आईने सांगलीजवळच्या मळ्यात ४० वर्षे भांगलण केली आणि जनगणनेच्या माणसाला वडिलांनी तिचा व्यवसाय ‘घरकाम’ असा सांगितला. वडील वाईट नव्हते, मुलींना त्यांनीच शिकवले. पण ते उत्तर देताना आईचा चेहरा मी पाहिला होता.

काळी_माती | १८ नोव्हेंबर २०२३

एक दृश्य सांगतो, कारण शेजाराचा उल्लेख अजून झालेला नाही. मॅनिटोबात आमच्या प्रयोगक्षेत्राजवळच्या एका शेतकऱ्याला सुगीच्या तोंडावर हृदयविकाराचा झटका आला. पुढच्या शनिवारी सकाळी आसपासच्या शेतांवरून ११ कंबाइन, धान्याचे ट्रक आणि गाड्या त्याच्या शेतात उतरल्या. स्वतःचे पीक उभे असताना लोक आले होते. सूर्य मावळायच्या आत सगळे शेत मोकळे झाले आणि स्त्रियांनी सभागृहात सर्वांना जेवू घातले. आपल्याकडे याला इर्जिक म्हणत. इथे त्याला वेगळे नाव नाही, पण प्रथा तीच आहे.

मात्र ३४ हजारांवर आलेल्या शेतांत शेजारी आता दहा-दहा किलोमीटरवर असतो. गावातला एलिव्हेटर पाडला जातो, मग शाळा बंद होते, मग कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचे मैदान. पुढच्या पिढीत ११ कंबाइन जमतील का, याची मला खरी काळजी वाटते.

दूरदेशी | २६ नोव्हेंबर २०२३

सोनचाफा, तुमच्या सांगण्यावरून काल मी आजींना भेटून आलो. बर्फ पडून रस्ते पांढरे झाले आहेत. त्यांची मुलगीही घरी होती. ती ६३ वर्षांची आहे आणि आता शेत तिचा मुलगा करतो. मी धाग्यातले सगळे प्रतिसाद त्यांना थोडक्यात सांगितले आणि परवानगी घेऊनच पुढचे लिहितो आहे.

मृत्युलेख आजींनीच लिहिला होता. त्यांनी फक्त ‘कष्टाळू शेतकरी’ एवढेच लिहिले होते. “दुसरे मी लिहिले नव्हते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तीन बाळंतपणांपैकी दोन सुगीत झाली. दोन्ही वेळा मला शेजारणीने दवाखान्यात नेले. तो माणूस वाईट नव्हता, पण तो घरी नव्हता. जे नव्हते ते मी छापणार नाही, असे मी मुलीला सांगितले.”

‘कुटुंबवत्सल माणूस’ हे शब्द मुलीने घातले. ती म्हणाली, की १३ व्या वर्षापासून ती सुगीत धान्याचा ट्रक चालवत असे. दिवसभर कंबाइनपासून बिनपर्यंत फेऱ्या. रात्री दव पडून दाणे ओलावले की कंबाइन थांबवावे लागे, आणि मग वडील तिच्या ट्रकमध्ये येऊन बसत. घरी जायला वीस मिनिटे लागत. त्या वीस मिनिटांत वडील तिला वर्गातल्या मैत्रिणींची नावे विचारत, भूमितीची प्रमेये विचारत, आणि एकदा तिला विचारले की शेती तुला करायची आहे का. तिच्या भावाला विचारण्याच्या आधी. “माझा बाप मला त्या ट्रकमध्ये मिळाला. आईला तो तिथे भेटला नाही, कारण ती त्या वेळी घरी आमची ताटे झाकून बसलेली असे.”

आजींनी हे ऐकले आणि मान हलवली. मग त्यांनी मर्डॉक निकालाविषयी मला स्वतःहून सांगितले, कारण मी सोनचाफांचा प्रतिसाद वाचून दाखवला होता. १९७३ च्या शरदात ती बातमी त्यांनी भाकरीचे पीठ मळताना रेडिओवर ऐकली. त्या रात्री नवरा जेवायला बसला तेव्हा त्यांनी एकच वाक्य म्हटले : “घराच्या क्वार्टरवर माझे नाव हवे.” आजोबांनी काही उत्तर दिले नाही. जेवले, झोपले. सुगीचे चार दिवस शिल्लक होते. पाचव्या दिवशी सकाळी ते चांगला कोट घालून गावी गेले आणि संध्याकाळी येऊन जमिनीचे कागद टेबलावर ठेवले. तीन क्वार्टर होती, तिन्हींवर दोघांची नावे होती.

मी निघालो तेव्हा आजींनी मुलीला कपाटातून मृत्युलेखाचे कात्रण आणायला सांगितले. त्याच्या पाठीमागे रिकाम्या जागेत पेन्सिलीने त्यांनी काहीतरी लिहिले होते. मी ते वाचावे असे त्यांना वाटत होते, पण मला चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून मुलीने वाचून दाखवले. ऑक्टोबरातल्या एका दिवसाची तारीख होती, पुढे तापमान, आणि मग : ‘मसूर एकरी २२ बुशेल. सगळे बिनमध्ये आले. त्याला सांगितले, त्याने ऐकले.’